रंगावर जाऊ नका: कोल्हापूरच्या पठारांवर सारखी दिसणारी रानफुलं ओळखताना

पावसाळ्यात मसाई पठारावर जाऊन आलेल्या कुणाचाही मोबाईल बघा. पिवळी फुलं, जांभळी फुलं, पांढरी फुलं, सगळी समोरून, अगदी तोंडावर रोखून काढलेली. घरी येऊन नावं शोधायला बसलं की घोडं तिथंच अडतं, कारण त्या फोटोत रंग सोडून दुसरं काही आलेलंच नसतं. आणि रंग ही रानफुलाच्या ओळखीची सगळ्यांत कच्ची खूण.

कळलावीचं फूल उमलताना हिरवट-पिवळं असतं, मग टोकाकडून लाल व्हायला लागतं आणि शेवटी सगळंच लालभडक होतं. एकाच वेलीवर या तिन्ही अवस्था दिसतात. तेरडा गुलाबी असतो, तसा पांढराही असतो. सीतेच्या आसवांच्या जांभळ्या पट्ट्यात मधेच एखादं रोप पांढरंशुभ्र निघतं. रानहळदीत तर लांबून जे गुलाबी-जांभळं दिसतं ते फूलच नव्हे. ते तुऱ्याच्या शेंड्यावरचे रंगीत छद, म्हणजे फुलाच्या बुडाशी असणारी पानासारखी आवरणं. खरी पिवळी फुलं खालच्या हिरवट छदांच्या खोबणीत बसलेली असतात.

म्हणून इथं रंगाला शेवटचा नंबर दिलाय. आधी जागा, मग पान आणि खोड, मग फुलाची पाठ, मग फळ. ज्यांनी आजवर रानफुलं नुसती पाहिली त्यांच्यासाठी हे लिहितोय. वनस्पतीशास्त्र शिकलेलं असायची गरज नाही, फक्त गुडघे चिखलात टेकायची तयारी हवी.

सुरुवात पठारावरून नको

पहिल्याच रविवारी गाडी काढून गगनबावडा गाठू नका. धुकं, वारा आणि पायाखाली एकदम पन्नास अनोळखी झाडं, यात नवा माणूस गोंधळतो आणि दुपारपर्यंत भज्यांच्या टपरीवर जाऊन बसतो. त्यापेक्षा घराजवळची जागा धरा. रंकाळ्याच्या काठची मोकळी पट्टी, पंचगंगेकडं उतरणारी पायवाट किंवा उसाच्या फडाचा बांध. तिथं केना असतो, आघाडा असतो, कुर्डू असतो. एकच झाड कळीपासून फळापर्यंत आठवड्या-आठवड्यानं बघत राहिलात की डोळ्याला पाहायची सवय लागते. पुढं पठारावर तीच सवय कामी येते.

कोल्हापूर जिल्ह्याची गंमत अशी की शिरोळ-हातकणंगल्याकडं पाऊस बेताचा आणि माती काळी. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, चंदगडाकडं मात्र मुसळधार पाऊस आणि डोंगरमाथ्यावर जांभ्याचे सडे, म्हणजे उघड्या कातळाची पठारं. दीड-दोन तासांच्या गाडीप्रवासात झाडोरा पार बदलतो. त्यामुळं पूर्वेकडच्या बांधावर दिसलेलं पिवळं फूल आणि पश्चिमेच्या सड्यावर दिसलेलं पिवळं फूल एकच असेल, असं धरून चालू नका.

वेळेचंही तसंच. मृगाच्या पहिल्या सरींनंतर कंदवाली मंडळी उठतात: मुसळ्या, दीपकाडी, रानहळद. आषाढात जमिनीवरच्या आमऱ्या, म्हणजे ऑर्किड, सुरू होतात. श्रावण-भाद्रपदात सड्यांवर रंग चढतो. सप्टेंबर-ऑक्टोबरला सोनकी आणि फळं. नोंदीत तारीख लिहिलीत की निम्म्या शंका तिथंच गळून पडतात.

पिशवीत काय असावं

दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग हवंच. त्याशिवाय या विषयाला हात घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. महागडा कॅमेरा नसला तरी चालतो, भिंग नसलं तर नाही. एक सहा इंची पट्टी, वही आणि पेन्सिल. पेनची शाई पावसात पसरते, पेन्सिल टिकते. फुलामागं धरायला काळ्या कापडाचा हातरुमालाएवढा तुकडा. पठारावरच्या वाऱ्यात छत्री उलटी होते, म्हणून रेनकोट. शेवाळलेला जांभा साबणासारखा निसरडा असतो, तेव्हा बुटांचा तळ खरखरीत असू द्या. सैल दगड उचलून खाली काय आहे ते बघायची हौस टाळा; घोणस आणि फुरसं दोन्हीही आपल्या भागात आहेत.

भिंग वापरायची एक रीत आहे. भिंग डोळ्याला चिकटवायचं आणि आपणच फुलाजवळ वाकायचं. हात लांब करून भिंग फुलावर धरलं तर काही दिसत नाही. आणि फूल तोडून डोळ्याजवळ आणायचं नाही. आपण खाली जायचं.

पहिली पायरी: फुलाआधी जागा लिहा

सडा लांबून सपाट दिसतो, पण त्यावर चार-पाच वेगवेगळ्या जागा असतात. कातळातला उथळ खळगा, ज्यात पावसाळाभर पाणी साचतं. चार बोटं मातीचा ओलसर थर. खडकाची भेग. कडेला उतरणारा झिरपता कडा. झाडीच्या कडेची सावली. यातली कुठली, ते फोटो काढायच्या आधी लिहून टाका.

याचा उपयोग किती होतो ते सीतेच्या आसवांवरून कळतं. शास्त्रीय नाव युट्रिक्युलेरिया. या कीटकभक्षी वनस्पती. मुळांच्या जागी ओल्या मातीत बारीक फुगे असतात, त्यात सूक्ष्म जीव अडकतात. सड्यावर पातळ मातीत हजारोंनी उभी, जांभळी दिसणारी असेल तर बहुतेक वेळा युट्रिक्युलेरिया पर्प्युरासेन्स. भातखाचरात गवताच्या काडीला वेढे घालत चढलेली आणि खालच्या ओठावर शिरांची जाळी असलेली असेल तर युट्रिक्युलेरिया रेटिक्युलाटा. ओल्या उभ्या कातळावर किंवा शेवाळलेल्या झाडाच्या बुंध्यावर, अगदी चिमुकली, फिकट असेल तर युट्रिक्युलेरिया स्ट्रायाट्युला. तिघींचा समोरून काढलेला फोटो शेजारी ठेवला तर नवखा माणूस चक्रावतो. जागा माहीत असली तर गोंधळ बराच कमी होतो. पण पूर्ण संपत नाही. या मंडळींकडं पुढं परत यावं लागेल.

दुसरी पायरी: पान खोडावर कसं बसलंय

तेरडा घ्या. कोल्हापुरात तो सगळ्यांना ठाऊक, कारण गौरी आणायच्या त्या तेरड्याच्याच. इम्पेशन्स बाल्समिना. पानं एकाआड एक, कडा दातेरी, फुलं पानाच्या बगलेतून आलेली, आणि फळावर मऊ लव. पिकलेल्या फळाला बोट लागलं की ते फुटून बिया उडतात, हा खेळ प्रत्येकानं लहानपणी केलेला असतो.

आता सड्यावर जा. तिथं तसंच गुलाबी, तसंच ओठ काढलेलं फूल दिसतं आणि लोक म्हणतात, हा छोटा तेरडा. पण खोड बघा. पानं समोरासमोर, जोडीनं, आणि अरुंद, लांबट असतील तर तो इम्पेशन्स ऑपोझिटिफोलिया. वेगळी जाती. खोडच दिसत नसेल, पानं बुडाशी गोळा झालेली आणि त्यांच्यामधून नुसते फुलांचे दांडे वर आलेले असतील, तेही झिरपत्या कातळावर, तर इम्पेशन्स अकॉलिस. तिन्ही फुलांना मागं शेपटी असते. ती एका निदलाची (पाकळ्यांबाहेरच्या आवरणातल्या एका दलाची) बनलेली असते आणि तिच्यात मध साठतो. तिची लांबी आणि बाक पट्टी लावून मोजा. लांब, बाकदार शेपटी हीसुद्धा अकॉलिसची खूण.

पानाकडं बघताना चार प्रश्न वहीत लिहून ठेवा. एकाआड एक की समोरासमोर? देठ आहे की पान थेट खोडाला चिकटलंय? कड सरळ की दातेरी? लव आहे का, असेल तर वर, खाली की फक्त कडेला? यांची उत्तरं लिहायला दोन मिनिटं लागतात. फूल कोमेजलं, पाऊस आला, गाईनं शेंडा खाल्ला तरी ही माहिती हातात राहते.

तिसरी पायरी: फुलाच्या मागं जा

इथं जरा रेंगाळतो, कारण बहुतेक जोड्या इथंच सुटतात.

निळ्या फुलांच्या एका घराण्यापासून सुरू करू. केना, अबोलिमा, नीलवंती, आभाळी ही सगळी एकाच कुलातली आणि सगळ्यांना तीन पाकळ्या. पण केन्याच्या प्रजातीत (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट, जीनस), म्हणजे कॉमेलिनात, दोन पाकळ्या मोठ्या निळ्या आणि तिसरी लहान, फिकट. शिवाय फुलाखाली एक हिरवा छद घडी घातल्यासारखा दुमडलेला असतो आणि फूल त्यातून डोकं बाहेर काढतं. तो छद दिसला की प्रजाती पक्की. मुर्डानियात, ज्यात अबोलिमा येते, तीनही पाकळ्या जवळपास सारख्या आणि असा दुमडलेला छद नाही. सायनोटिसात, म्हणजे नीलवंती आणि आभाळीत, पाकळ्या लहान, मधल्या भागात जुळून नळी झालेल्या, आणि सहाही पुंकेसरांच्या तंतूंवर निळे-जांभळे केस. भिंगातून ते केस बघा, विसरणार नाही.

आता केन्यातच जाती वेगळ्या करायच्या तर तो छद हलकेच उलटा करा. त्याच्या दोन कडा बुडाशी शिवल्यासारख्या जुळून नरसाळ्याचा आकार झालाय का? पानं रुंद, अंडाकृती, थोडा देठ असलेली, आणि पानाच्या आवरकाच्या, म्हणजे खोडाला वेढणाऱ्या बुडाच्या, तोंडाशी तांबूस केस? मग तो बांधावरचा नेहमीचा केना, कॉमेलिना बेंगालेन्सिस. याला जमिनीखालीही न उमलणारी फुलं येतात आणि तिथंच बी धरतं. खुरपणी करून शेतकरी दमतो पण केना संपत नाही, त्याचं हे एक कारण. छदाच्या कडा मोकळ्या, पान लांबट भाल्यासारखं आणि जागा ओलसर असेल तर कॉमेलिना डिफ्युझाकडं वळा. केन्याची फुलं सकाळी उमलतात आणि दुपारपर्यंत मिटून त्यांचा ओला लगदा होतो. म्हणून या घराण्यासाठी सकाळची वेळ धरा. दुपारी दोनला मसाईवर पोचून ‘केना कुठंच दिसला नाही’ म्हणण्यात अर्थ नाही.

दुसरं घराणं कवळ्याचं, स्मिथिया. पिवळ्या फुलावर दोन तांबडे ठिपके असलेल्याला हल्ली सगळे मिकी माउस म्हणतात. नाव गोड आहे, पण त्याखाली लोक तीन-चार जाती एकत्र टाकतात. जांभळी पाकळी आणि त्यावर पांढरे डाग असलेली स्मिथिया पर्प्युरिया तेवढी रंगावरून चटकन कळते. पिवळ्यांमध्ये रंग काही मदत करत नाही. इथं बघायचं ते निदलपुंजाकडं, म्हणजे फुलाच्या मागच्या हिरव्या आवरणाकडं. ते दोन ओठांचं असतं. त्यावरच्या शिरा समांतर रेघांसारख्या धावतात की एकमेकींना जोडून जाळी करतात? राठ केस आहेत की गुळगुळीत? मग पान. संयुक्त पानाला पर्णिकांच्या किती जोड्या? दोनच जोड्या असतील तर स्मिथिया बायजेमिनाचा विचार करा. शेंग शोधायला जाल तर ती दिसणार नाही, कारण स्मिथियाची शेंग घडी होऊन निदलपुंजाच्या आतच राहते. हलक्या हातानं एखादा वाळलेला निदलपुंज उघडला की पेरापेरांची शेंग सापडते.

केसांचं हे महत्त्व गवत कापणाऱ्या बायकांना आपल्यापेक्षा आधी माहीत असतं. पावसाळ्यात कवळ्याची भाजी करतात. सड्याच्या कडेला भारा बांधत बसलेल्या एका आजींना पिवळ्या फुलाचं झाड दाखवून मी विचारलं, “आज्जी, ह्योबी कवळाच न्हवं?” त्यांनी पान बोटांत चुरडलं आणि म्हणाल्या, “न्हाई रं बाळा, ह्येला क्यास हाईत. घशात टोचतंय. भाजीचा येगळा, त्यो खाली वलीत असतुया.” जागा आणि लव, दोन्ही खुणा एका दमात. अशा माणसांशी बोला. मात्र त्यांनी ‘ह्यो खायचा’ म्हटलं म्हणून पठारावर स्वतः काही तोडून तोंडात घालू नका. कळलावीच्या कंदात कोल्चिसिन असतं आणि ते जिवावर बेततं.

तिसरी जोडी जूनमधली. पहिल्या पावसानंतर गवतासारख्या पानांत जमिनीलगत पिवळं, सहा पाकळ्यांचं फूल उमलतं. बहुतेक जण बिनधास्त काळी मुसळी म्हणतात. ते कधी बरोबर असतं, कधी ते हायपॉक्सिस ऑरिया निघतं. समोरून दोन्ही इतकी सारखी की अनुभवी माणूसही पैज लावणार नाही. बाजूनं बघा. फुलाच्या लगेच खाली हिरवा, केसाळ बीजकोश फुगीर दिसतोय, आणि फूल स्वतःच्या बारीक दांड्यावर गवताच्या वर आलंय? तर हायपॉक्सिस. त्याच्या पाकळ्यांची पाठही हिरवट आणि केसाळ असते आणि एका दांड्यावर बऱ्याचदा दोन फुलं येतात. उलट, फुलाखाली नुसती लांब बारीक नळी दिसते, बीजकोश कुठंच नाही? तर तो जमिनीखाली आहे. ती काळी मुसळी, कुर्कुलिगो ऑर्किऑइडिस. पानं रुंद आणि उभ्या घड्यांची. बीजकोश बघायला झाड उपटू नका. तो वर नाही एवढं कळलं की पुरे.

सोनकीच्या नावाखाली

सप्टेंबर सरताना डोंगरउतार पिवळा दिसला की लोक सोनकी म्हणून मोकळे होतात. पन्हाळ्याकडून किंवा राधानगरीकडून जाताना दिसणारा एखादा सलग पिवळा तुकडा मात्र चक्क शेत असतं. कारळ्याचं. तेलासाठी लावलेलं पीक.

सोनकी म्हणजे सेनेसिओ. सोनकी आणि कारळा दोन्ही सूर्यफुलाच्या कुलातली, म्हणजे ज्याला आपण एक फूल म्हणतो तो अनेक फुलांचा गुच्छ. गुच्छ उलटा करून बघा. सोनकीत मागचे हिरवे छद एकाच ओळीत, सारख्या उंचीचे, कड्याला कड लावून बसलेले, आणि अगदी बुडाशी एखाद-दुसरं बारीक पिल्लू. कारळ्यात बाहेरचे छद पाच, रुंद, पानासारखे. सोनकीची पानं एकाआड एक, कारळ्याची बहुतेक समोरासमोर. सोनकीचा गुच्छ वाळला की बियांना पांढऱ्या केसांची म्हातारी असते आणि ती वाऱ्यावर उडते. कारळ्याला ती नसतेच. काळी गुळगुळीत बी, जिची आपण चटणी करतो.

तिसरा भिडू रस्त्याकडेचा नारिंगी-पिवळा कॉसमॉस. पानं समोरासमोर आणि बारीक चिरलेली. हा मेक्सिकोकडचा पाहुणा, बागेतून सुटलेला आणि आता डोंगरावर चढायला लागलेला. दिसायला झकास, म्हणून लोक त्याचे फोटो ‘सह्याद्रीचं वैभव’ म्हणून टाकतात. ते वाचून माझा तरी तिळपापड होतो. गाजर गवत, घाणेरी, एकदांडी ही मंडळीही बाहेरूनच आलेली. परकी झाडं ओळखायला आधी शिकलात तर मूळची झाडं वेगळी काढणं फार सोपं जातं.

सोनकीतल्या सोनकीत जाती वेगळ्या करायच्या तर पानाचं बूड खोडाला कसं धरतं, अंगावर जाळीदार पांढरी लव आहे का आणि बी केसाळ की गुळगुळीत हे नोंदवा. सेनेसिओ बॉम्बेयेन्सिस हे नाव तुम्हाला सगळ्यांत जास्त वेळा भेटेल. पण म्हणून प्रत्येक सोनकीवर तेच चिकटवू नका.

आमऱ्या: जमिनीकडं बघा, मग शेपटीकडं

सड्यावरच्या पांढऱ्या-हिरवट आमऱ्या बहुतेक हाबेनारिया प्रजातीतल्या. यांच्यात पहिली नजर पानाकडं. एकच (क्वचित दोन) गोलसर पान जमिनीला चिकटून पसरलेलं आणि वर पांढरी फुलं: हाबेनारिया ग्रँडिफ्लोरिफॉर्मिस. जमिनीला चिकटलेली पानं, पण त्यांना पिवळसर कड आणि फुलंही पिवळट-हिरवी: हाबेनारिया मार्जिनाटा. खोडावर पानं एकावर एक चढत गेलेली आणि फुलं सगळी एकाच बाजूला तोंड करून ओळीत: हाबेनारिया हेनियाना. खडकाच्या कपारीत, दांड्यावर मोजकी एक-दोन-तीन फुलं: रारिफ्लोरा.

मग फुलाच्या मागची शेपटी. हाबेनारिया लाँगिकॉर्निक्युलाटात ती बोटापेक्षाही लांब लोंबते. पट्टी लावा, आकडा लिहा. शेपटी अगदी आखूड, पिशवीसारखी फुगीर असेल आणि फुलं बारीक, दाटीनं असतील तर तुम्ही हाबेनारियात नाहीच, शेजारच्या पेरिस्टायलस प्रजातीत आहात. फुलाच्या ओठाचे तीन भाग, मधला किती लांब आणि बाजूचे किती, याचा एक जवळचा फोटो काढला की काम झालं.

कुठं थांबायचं

नवशिक्यांना जे सगळ्यांत जड जातं ते इथं. प्रत्येक झाडाला पूर्ण नाव देता येत नाही.

सड्याच्या पाणथळ भागात पांढऱ्या बटणांसारखी फुलं असलेली गेंदाची छोटी रोपं दिसतील, एरिओकॉलॉन. त्यांच्या जाती बहुतेक वेळा बियांच्या सालीवरची नक्षी आणि अर्ध्या मिलिमीटरच्या फुलांचे भाग सूक्ष्मदर्शकाखाली बघून ठरवतात. भिंगातून ते होत नाही. फोटोवरून तर मुळीच नाही. कुणी मोबाईलवरचा फोटो बघून छातीठोक जात सांगितली, तर त्याला बी पाहिलं का एवढं विचारा. सीतेच्या आसवांतही वर सांगितलेल्या तिघी सोडून बऱ्याच आहेत, आणि तिथं फळ धरल्यावर निदलं कशी दिसतात, देठ वाकतो की ताठ राहतो, हे लागतं.

अशा वेळी वहीत ‘एरिओकॉलॉन, जाती अनिश्चित’ असं लिहून पुढं जायचं. शास्त्रज्ञही तेच करतात. ‘स्मिथिया, निदलपुंज राठ केसांचा, शिरा समांतर, पर्णिका मोजल्या नाहीत’ ही नोंद चुकीच्या पूर्ण नावापेक्षा शंभर पटीनं कामाची. पुढच्या वेळी काय बघायचं हेही तिनंच सांगितलं.

फोटो कोणते काढायचे

एका झाडाचे किमान सहा: झाड आणि भोवतालची जागा एकत्र, पान वरून आणि पालथं, पान खोडाला जुळतं ती जागा, फूल समोरून, फूल बाजूनं, फूल मागून. फळ मिळालं तर सातवा. एका फोटोत पट्टी ठेवा. मागं काळं कापड धरलं की पांढऱ्या फुलाच्या कडा आणि केस उठून दिसतात, आणि मोबाईल मागच्या गवतावर फोकस करत बसत नाही. कडक ऊन असेल तर फुलावर स्वतःची सावली पाडा. एका झाडाचे फोटो संपले की दुसऱ्याकडं जाण्याआधी आपल्या तळहाताचा एक फोटो काढायचा. घरी बसून चाळताना कुठलं पान कुठल्या फुलाचं हा घोळ त्यानं होत नाही.

ॲपचं विचारतात म्हणून सांगतो. गुगल लेन्स बागेतल्या झाडांना ठीक, सड्यावर त्याचा भरवसा धरू नका. आयनॅचरलिस्टवर, म्हणजे निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर, नोंद टाकली तर माणसं तपासतात, चर्चा होते, त्यामुळं ते बरं. पण यंत्रानं सुचवलेलं पहिलं नाव डोळे झाकून स्वीकारू नका. त्या जातीची खूण तुमच्या फोटोत दिसते का ते आधी बघा. नाही दिसली तर प्रजातीवर थांबा. अगदीच अडलं तर शिवाजी विद्यापीठाचा वनस्पतीशास्त्र विभाग आहे. तिथं वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रह आहे आणि सह्याद्रीच्या झाडांवर काम केलेली माणसं आहेत. जाताना नीट नोंदी आणि सगळ्या बाजूंचे फोटो घेऊन जा. एका समोरच्या फोटोवर त्यांनाही काही सांगता येत नाही.

स्थानिक नावं जरूर लिहा, पण गाव आणि सांगणाऱ्याचं वय-काम यांसह. चंदगडात एका झाडाला जे म्हणतील ते पन्हाळ्यात दुसऱ्याला म्हणतात. शास्त्रीय नावासोबत ठेवली तर ही नावं अनमोल, एकटी ठेवली तर गोंधळ.

कुठं पाय ठेवायचा, काय सांगायचं नाही

सड्यावरची माती चार बोटांची. ओल्या दिवसात त्यावर एक गाडी गोल फिरली की चाकोरी वर्षानुवर्षं राहते. उघड्या कातळावरून चाला, फुलांच्या पट्ट्यात बसून फोटो काढू नका. राधानगरी अभयारण्यात झाड तोडणं किंवा उपटणं कायद्यानं गुन्हा आहे. पावसाळ्यात तिथल्या प्रवेशाचे नियम वेगळे असतात, आधी वनखात्याकडं चौकशी करूनच दाजीपूरकडं निघा.

आणि कंदीलपुष्प. सेरोपेजिया, आपल्याकडं खरतुडी. बुडाशी फुगीर नळी, वर पाच पाकळ्या टोकाला एकत्र जुळलेल्या. नळीत खाली वळलेले केस असतात. बारीक माशी आत शिरते, बाहेर येता येत नाही. केस सुकले की सुटते आणि अंगाला चिकटलेले पराग घेऊन जाते. यातल्या काही जाती अगदी मोजक्या डोंगरांवर उरल्यात, आणि शिवाजी विद्यापीठात त्यांच्या संवर्धनावर मोठं काम झालंय. जाती ओळखायला नळीची लांबी, तिचा बाक, आतल्या ठिपक्यांची मांडणी आणि टोकाचा पिंजरा कसा जुळलाय हे टिपा. फोटो घ्या, पण ठिकाण कुठंही टाकू नका. गावाचं नाव नाही, नकाशावरची खूण नाही, मागं ओळखू येणारं देऊळ किंवा कडा नाही. आयनॅचरलिस्टवर जागा अंधुक ठेवायची सोय आहे, ती वापरा. मोबाईलच्या फोटोत ठिकाण आपोआप नोंदलं जातं, पुढं पाठवण्याआधी ते काढून टाका. कंद खणून नेणारे लोक फोटो बघूनच येतात.

फळ बघायला परत जा

ही पायरी जवळजवळ सगळे टाळतात. श्रावणात फुलं बघितली की वर्ष संपलं. पण फुलात न सुटलेलं कोडं फळात सुटतं. पांढऱ्या मुसळीच्या घराण्यात, क्लोरोफायटममध्ये, फुलं सगळी पांढरी आणि सहा पाकळ्यांची. जाती वेगळ्या करायला तीन धारांची बोंडं, त्यांचा आकार आणि देठावरचा सांधा वर आहे की खाली हे बघावं लागतं. सोनकीची म्हातारी, स्मिथियाची लपलेली शेंग, सीतेच्या आसवांची फळावरची निदलं, सगळं सप्टेंबर-ऑक्टोबरातच मिळतं. त्या दिवसांत पाऊस ओसरलेला असतो, भिंगावर थेंब पडत नाहीत. ऑगस्टमध्ये जिथं फोटो काढले तिथलीच झाडं शोधा. जवळचा एखादा मोठा दगड किंवा वाट वहीत लिहून ठेवली असेल तर सापडतात. फक्त गवत कापणीच्या आधी पोचा. विळा एकदा फिरला की सड्याच्या कडेला नुसते बुंधे उरतात आणि पुढच्या मृगापर्यंत वाट बघावी लागते.